सावलीला विचारा, मिनार किती उंच

जानेवारीतली गोष्ट. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे तपासलेले पेपर मुलांच्या हाती आले होते. मगरिबनंतर आमच्या गल्लीतल्या एक भाभी आपल्या मुलीला घेऊन घरी आल्या. मुलगी हुशार, अक्षर मोत्यासारखे, मराठीत वर्गात पहिली नाहीतर दुसरी. पण भूमितीत ४० पैकी ११.

भाभींचे म्हणणे सरळ होते. "आपा, हिला गणित जमत नाही. ती डिप्लोमाचं डोक्यात घेऊन बसलीय. तुम्हीच समजावा. आर्ट्स घेऊ दे, नाहीतर..."

"नाहीतर"च्या पुढचे त्या बोलल्या नाहीत. आपल्या घरांत ते वाक्य कुठे जाऊन थांबते, हे तुम्हाला सांगायला नको.

मी पेपर चाळला. साधी उदाहरणे बरोबर होती. शेवटच्या पानावर मात्र एक प्रश्न कोराच होता. गच्चीवर उभा माणूस, खाली रस्त्यावर गाडी, अवनत कोन ३० अंश, गाडी इमारतीपासून किती दूर? उत्तर नाही, आकृती नाही, एक रेघसुद्धा नाही.

"इथे काहीच का लिहिलं नाहीस?"

ती आधी आईकडे पाहून मग हळूच म्हणाली, "आपा, ये अवनत क्या होता?"

मुलगी सातवीपर्यंत उर्दू शाळेत होती. आठवीपासून मराठी माध्यम. मी गणिताची शिक्षिका नाही, मी उर्दू आणि मराठी शिकवते. पण तिने विचारलेला प्रश्न गणिताचा नव्हताच. तो माझ्याच विषयाचा होता. आणि मला तो ओळखीचा होता, कारण तीस वर्षांपूर्वी याच शब्दापाशी मी स्वतः अडले होते. मीही उर्दूतून मराठीत आलेली. वर्गात ‘उन्नत’, ‘अवनत’ हे शब्द फळ्यावर आले आणि पुढे गेले. मला वाटले सगळ्यांना कळले, मग विचारायचे कसे? परीक्षेत तो प्रश्न सोडला, गणितात जेमतेम पास झाले, आणि घरात, शाळेत, माझ्या स्वतःच्या मनातही पक्के बसले की हिला गणित जमत नाही. भाषा मला आवडतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते दार मी न उघडताच बंद केले होते, हे त्या संध्याकाळी कळले.

म्हणून हा लेख. ज्यांच्या घरात यंदा किंवा पुढच्या वर्षी दहावीचे मूल आहे त्यांच्यासाठी, आणि ज्या आई-वडिलांना वाटते की आपल्याला गणित येत नाही म्हणून आपण मदत करू शकत नाही, त्यांच्यासाठीही.

चार शब्दांचे कुलूप

दहावीच्या गणित भाग २ मध्ये त्रिकोणमितीचे प्रकरण आहे. त्यात उंची आणि अंतर काढण्याची उदाहरणे येतात. इमारत, झाड, दीपगृह, पतंग, शिडी. सगळे रोजचे. अडते ते चार शब्दांपाशी.

पहिला शब्द, क्षितिजसमांतर रेषा. क्षितिज म्हणजे उर्दूतले उफ़क़. जिथे जमीन आणि आकाश टेकल्यासारखे दिसतात, ती जागा. तुम्ही मान वर न करता, खाली न घालता सरळ समोर पाहिले, तर नजर ज्या आडव्या रेषेत जाते ती क्षितिजसमांतर रेषा.

दुसरा, दृष्टिरेषा. डोळ्यापासून ज्या वस्तूकडे पाहायचे तिथपर्यंतची रेषा. नजर की लकीर, बस.

तिसरा आणि चौथा, उन्नत कोन आणि अवनत कोन. मराठीत आपण ‘नतमस्तक’ म्हणतो. नत म्हणजे झुकलेला. ‘उत्’ म्हणजे वर आणि ‘अव’ म्हणजे खाली. समोर पाहणारी नजर वर उचलली, तर आडव्या रेषेशी झालेला कोन उन्नत. नजर खाली झुकवली, तर झालेला कोन अवनत. उन्नती आणि अवनती हे शब्द आपण वर्तमानपत्रात वाचतोच. उर्दूवाल्या मुलांना मी सांगते, एक बुलंदीकडे पाहणारा, दुसरा पस्तीकडे पाहणारा.

एवढे सांगितल्यावर त्या मुलीने वहीवर एक आडवी रेघ ओढली, एक तिरकी ओढली आणि म्हणाली, "बस, इतकंच?" इतकेच. पुढचे सगळे या दोन रेघांच्या आधारावर उभे आहे.

मिनारापासून मागे मागे

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आम्ही एक साधे यंत्र केले. कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक घेतला, त्याच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवली, मध्यबिंदूपाशी दोरा बांधून त्याला एक लोखंडी नट लटकवला. कोनमापकाची सरळ कड वर आणि गोल बाजू खाली धरायची आणि नळीतून पाहायचे. सरळ समोर पाहिले की दोरा ९० वर येतो. नळी वर उचलली की दोरा ९० पासून सरकतो. जितका सरकला, तितका उन्नत कोन. दोरा ६० वर आला तर कोन ३० अंश. पंधरा मिनिटांचे काम, आणि खर्च जवळजवळ नाहीच. (एक ताकीद: या नळीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. सूर्यासाठी सावली आहे, ते पुढे येईलच.)

यंत्र घेऊन आम्ही मोहल्ल्यातल्या मशिदीसमोरच्या मोकळ्या जागेत गेलो. मुलगी मिनाराच्या टोकाकडे नळी रोखून एक एक पाऊल मागे सरकू लागली. मी दोऱ्याकडे पाहत होते. पन्नास... सत्तेचाळीस... पंचेचाळीस. "थांब!"

पंचेचाळीसवरच का थांबवले? कारण टॅन ४५° ची किंमत १ आहे. टॅन म्हणजे काटकोन त्रिकोणात कोनाच्या समोरची बाजू भागिले लगतची बाजू. इथे समोरची बाजू म्हणजे मिनाराची उंची आणि लगतची बाजू म्हणजे आपले मिनारापासूनचे अंतर. भागाकार १, म्हणजे दोन्ही सारखे. जितके दूर उभे, तितका मिनार उंच. हिशेबाची गरजच नाही.

टेप लावली. मिनाराच्या टोकाच्या बरोबर खालच्या जागेपर्यंतचे अंतर २० मीटर भरले. मुलीने लगेच वहीत लिहिले, "उंची २० मीटर."

"आणि तू? तू जमिनीत पुरलेली आहेस का?"

क्षणभर गोंधळली, मग हसली. कोन तिच्या डोळ्यांपासून मोजलेला होता, जमिनीपासून नाही. तिच्या डोळ्यांची उंची मोजली, १.४ मीटर. म्हणजे मिनार २१.४ मीटर. मिनाराच्या कामावर असलेले मिस्त्री चाचा चहाच्या टपरीवर भेटले. त्यांना विचारले तर म्हणाले, "सत्तर फूट." सत्तर फूट म्हणजे २१.३ मीटरच्या थोडे वर. मुलीचा चेहरा त्या वेळी भाभींनी पाहायला हवा होता.

प्रश्नपत्रिकेत बहुतेक वेळा ३०, ४५ आणि ६० हेच कोन असतात. टॅन ३०° म्हणजे १ भागिले √३, टॅन ४५° म्हणजे १, टॅन ६०° म्हणजे √३. √३ ची किंमत १.७३ धरतात. या तीन किमती पाठ असल्या की आकडेमोड दोन-तीन ओळींत संपते. आणि निरीक्षकाची उंची दिली असेल तर ती शेवटी मिळवायची. प्रश्नात ‘१.५ मीटर उंचीचा मुलगा’ असे शब्द आले की ते उगाच आलेले नसतात.

गच्चीवरून खाली पाहताना

आता तिने कोरा सोडलेला प्रश्न. समजा गच्चीवर उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून १२ मीटर उंच आहे. खाली उभ्या रिक्षाकडे पाहताना अवनत कोन ३० अंश. रिक्षा किती दूर?

इथे मुलांची एक ठरलेली चूक होते. ३० अंश ते भिंत आणि नजर यांच्यामध्ये लिहितात. कारण आकृतीत भिंतीची रेघ आधीच असते, आडवी रेघ मात्र नसते. अवनत कोन भिंतीपासून मोजत नाहीत, समोरच्या आडव्या रेषेपासून मोजतात. म्हणून गच्चीवरच्या माणसाच्या डोळ्यांतून आधी एक तुटक आडवी रेघ ओढायची. ती रेघ आणि जमीन समांतर. दृष्टिरेषा या दोघींना छेदते. म्हणून वरचा अवनत कोन आणि खाली रिक्षापाशी होणारा कोन हे व्युत्क्रम कोन झाले, म्हणजे सारखे. याचा अर्थ असा की तुम्ही गच्चीवरून रिक्षावाल्याकडे जितकी नजर झुकवता, तितकीच तो तुमच्याकडे पाहताना उचलतो.

मग टॅन ३०° म्हणजे १२ भागिले अंतर. अंतर १२√३, सुमारे २०.८ मीटर. कोन चुकीच्या जागी लिहिला असता तर उत्तर ६.९ मीटर आले असते. आता विचार करा, बारा मीटर उंचीवरून सात मीटरवरची वस्तू पाहायची तर जवळजवळ पायांकडे पाहावे लागेल. नजर फक्त ३० अंश झुकवून ती दिसणारच नाही. उत्तर आले की असे एकदा स्वतःला विचारायचे, हे खरे वाटते का? वाटत नसेल, तर आकृती पुन्हा पाहायची.

सहलीला अहिल्यानगरजवळच्या चांदबिबी महालावर मुलांना नेले तर तिथे अवनत कोन शिकवायला फळा लागत नाही. नाव चांदबिबीचे असले तरी डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत निजामशाहीतल्या सलाबतखान दुसरा यांची कबर आहे. वरून खाली शेते आणि रस्ता पसरलेले दिसतात. जवळचे शेत पाहायला मान जास्त वाकते, दूरचे पाहायला कमी. वस्तू जितकी दूर, अवनत कोन तितका लहान.

टॅन म्हणजे सावली, साइन म्हणजे जेब

माझा विषय भाषा, म्हणून मी शब्दांच्या मागे गेले, आणि जे सापडले ते वर्गात सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

‘साइन’ हा शब्द मुळात आपल्याकडचा. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये ‘आर्यभटीय’ लिहिले, त्यात ‘ज्यां’च्या २४ किमती दिल्या आहेत. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच ‘जीवा’ही म्हणत. हे गणित बगदादला पोहोचले तेव्हा अरबीत ‘जीवा’चे ‘जीब’ झाले. अरबीत लघुस्वर लिहीत नाहीत, त्यामुळे पुढे लोक तेच अक्षर ‘जैब’ असे वाचू लागले. जैब म्हणजे कपड्याचा गळा, छातीपाशी पडणारा घोळ. आपल्या उर्दूतली ‘जेब’, खिसा, ती हीच. १२ व्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी त्याचा शब्दशः अनुवाद केला, ‘सायनस’. तिथून इंग्रजीत ‘साइन’. आर्यभटांच्या धनुष्याची दोरी अशी खिशातून प्रवास करत पुन्हा आपल्या पाठ्यपुस्तकात आली.

आणि टॅन? अरबीत त्याला ‘ज़िल’ म्हणत. ज़िल म्हणजे सावली. भिंतीत एक हात लांबीची खुंटी आडवी ठोका. समोरचा सूर्य जसजसा वर चढेल तसतशी तिची सावली भिंतीवर खाली लांबत जाईल. त्या सावलीची लांबी म्हणजेच सूर्याच्या उन्नत कोनाचा टॅन. जमिनीत उभ्या रोवलेल्या काठीची सावली याच्या उलट, सूर्य चढला की आखूड होते. तो कॉट. ९ व्या शतकात हबश अल-हासिब आणि १० व्या शतकात अबुल वफा बुज़जानी यांनी बगदादमध्ये सावल्यांचे हे कोष्टक तयार केले. त्याला एक रोजचे कारणही होते. जुहर आणि असरच्या वेळा सावलीवरून ठरतात.

आपल्या घरातली आजी अंगणातली सावली पाहून असर झाली का सांगायची, ती हेच गणित करत होती. शिरूर सुमारे १८.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दिवशी सावली काठीइतकी झाली की सूर्याचा उन्नत कोन बरोबर ४५ अंश. कोकणातल्या आपल्या शाफई बांधवांची असर तिथे सुरू होते. देशावर आपण बहुतेक हनफी. आपल्या हिशेबात सावली काठीच्या दुप्पट व्हायला हवी, म्हणजे टॅन अर्धा आणि कोन सुमारे साडेसव्वीस अंश. दोन वेळांमधला फरक म्हणजे या दोन कोनांमधला फरक.

हिवाळ्यात गोष्ट बदलते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात शिरूरला भर दुपारीही सूर्य ४८ अंशांच्या वर चढत नाही. एक मीटर काठीची सावली तेव्हासुद्धा ९१ सेंटिमीटर असते. म्हणून तर फिकहच्या पुस्तकांत म्हटले आहे की दुपारची मूळ सावली वगळून मोजा. ती सूचना मी लहानपणी पाठ केली होती. तिच्यामागचे कारण त्रिकोणमितीने सांगितले.

आम्ही मिनाराची उंची सावलीनेही पडताळली. एक मीटरच्या काठीची सावली १.२ मीटर, त्याच क्षणी मिनाराची २५.५. भागाकार २१.२५ मीटर. यंत्राच्या उत्तराशी फरक १५ सेंटिमीटरचा. घरच्या घरी केलेल्या मोजमापाला एवढे चालते.

अल-बिरूनीचा डोंगर

मिनाराच्या बुंध्यापर्यंत टेप लावता येते. डोंगराच्या पोटात कशी लावणार? हाच प्रश्न हजार वर्षांपूर्वी अबू रैहान अल-बिरूनी यांच्यापुढे होता. हिंदुस्थानावर ‘किताबुल हिंद’ लिहिणारे, संस्कृत शिकलेले हे विद्वान. ११ व्या शतकाच्या सुरुवातीला ते नंदना किल्ल्यापाशी होते. ही जागा आज पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. समोर सपाट मैदान, शेजारी डोंगर.

त्यांनी डोंगराच्या शिखराचा उन्नत कोन एका जागेवरून मोजला, मग त्याच रेषेत सरकून दुसऱ्या जागेवरून मोजला. दोन कोन आणि दोन जागांमधले अंतर एवढ्यावरून उंची निघते. आपल्या आकड्यांत पाहा. एका जागेवरून कोन ३०, तिथून ४० मीटर जवळ गेल्यावर ६०. उंची ‘उं’ धरली तर पहिले अंतर उं × √३ आणि दुसरे उं ÷ √३. दोघांतला फरक ४०. सोडवले की उंची २०√३, म्हणजे सुमारे ३४.६ मीटर. पायथ्याला हात न लावता. दहावीच्या पुस्तकात ‘चालत जवळ गेल्यावर उन्नत कोन ६० होतो’ असे उदाहरण येते ना, त्याची जात हीच.

पण बिरूनी तिथे थांबले नाहीत. उंची मिळाल्यावर ते डोंगरावर चढले आणि क्षितिजाकडे पाहिले. पृथ्वी गोल आहे, म्हणून उंचावरून क्षितिज किंचित खाली दिसते. तो अवनत कोन त्यांनी मोजला, ३४ मिनिटे. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणजे पुरता एक अंशही नाही. डोंगराची उंची ६५२ हातांहून थोडी जास्त. या दोन आकड्यांवरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या काढली, सुमारे १ कोटी २८ लाख हात. त्यांचा हात नेमका किती लांब धरायचा यावर अभ्यासक अजून वाद घालतात, पण उत्तर आजच्या मापाच्या बरेच जवळ जाते यावर नाही. एक उन्नत कोनाचे उदाहरण, एक अवनत कोनाचे, आणि हातात अख्खी पृथ्वी.

हीच रीत पुढे आपल्या देशाच्या मोजणीला कामी आली. १८०२ मध्ये मद्रासपासून सुरू झालेल्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कोन मोजायला थिओडोलाइट नावाचे अवजड यंत्र असे. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या काळात या सर्वेक्षणाची नाजूक उपकरणे दुरुस्त करण्याचे काम अर्काटचे सय्यद मीर मोहसिन हुसेन यांच्या हातात होते. दीडशे किलोमीटरहून दूर उभे राहून मोजलेल्या कोनांवरून राधानाथ सिकदार यांनी जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची काढली. १८५६ मध्ये ती जाहीर झाली, २९,००२ फूट. आज ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३१ फूट धरतात. एवढ्या लांबून काढलेल्या उत्तरात चूक तीस फुटांच्या आत.

शिडी, रस्ता आणि खोडदच्या तबकड्या

आमच्या त्या मुलीचे अब्बा रंगकाम करतात. एका संध्याकाळी ती शिडीचे उदाहरण सोडवत बसली होती. ते वाकून वहीत पाहत होते. म्हणाले, "शिडी एवढी तिरपी लावशील तर पाय सटकेल." आकृतीतला कोन ४५ अंशांचा होता.

मग त्यांनी उठून दाखवले. शिडीच्या पायाला बोटे लावून उभे राहायचे, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करायचे. तळवे पायरीला टेकले की शिडी बरोबर लागली. शिडी जास्त उभी असेल तर माणूस मागे पडतो, जास्त तिरपी असेल तर पाय घसरतो. कामगारांच्या सुरक्षेच्या नियमांत हेच ‘चारास एक’ म्हणून सांगतात. भिंतीवर चार मीटर उंच टेकवायची तर पाय भिंतीपासून एक मीटर. टॅन ४, कोन सुमारे ७६ अंश. मुलीने कॅल्क्युलेटरवर पाहून सांगितले तेव्हा अब्बा म्हणाले, "मला शहात्तर-बिहात्तर माहीत नाही. पण वीस वर्षं तेवढीच लावतोय." त्यानंतर वहीतल्या आकृत्या ते रोज पाहू लागले.

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर तिपाईवर यंत्र ठेवून एका डोळ्याने पाहणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. तेही कोनच मोजतात. स्थापत्यच्या डिप्लोमात सर्वेक्षणाचा विषय असतो, त्याची सुरुवात याच प्रकरणात आहे. आणि आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. ताऱ्याकडे रोखताना प्रत्येक तबकडीला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. कोणत्या दिशेला वळायचे आणि किती उन्नत कोनावर थांबायचे. सुमारे १७ अंशांच्या खाली ती झुकत नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे लोकांसाठी प्रदर्शन भरते. मुलांना एकदा जरूर न्या.

घरी काय करता येईल

ज्या आई-वडिलांना गणित येत नाही त्यांनीही ही चार कामे करावीत.

पहिले. उदाहरण मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारा, "म्हणजे काय? कोण कुठे उभा आहे?" त्याने आपल्या घरच्या भाषेत सांगावे, उर्दूत, मराठीत, जशी बोलता तशी. सांगता आले नाही, तर कोणता शब्द अडला ते तिथेच कळेल. ‘पायथा’, ‘शिखर’, ‘निरीक्षक’, ‘लंब’ हे शब्दसुद्धा अडतात.

दुसरे. आकडे घालायच्या आधी आकृती. जमीन आडवी, इमारत उभी, डोळ्यांतून तुटक रेघ, मग दृष्टिरेषा. कोन नेहमी तुटक रेघेपासून.

तिसरे. काय दिले आहे आणि काय काढायचे आहे ते आकृतीवरच लिहायचे. समोरची बाजू आणि लगतची बाजू यांचा प्रश्न असेल तर टॅन. कर्ण आला, म्हणजे शिडीची लांबी किंवा पतंगाचा दोरा, तर साइन किंवा कॉस.

चौथे. प्रश्न पूर्ण येत नसला तरी कोरा सोडायचा नाही. योग्य आकृतीला आणि योग्य गुणोत्तर लिहिण्यालाही गुण असतात. कोऱ्या पानाला परीक्षक काय देणार?

आणि सुट्टीच्या दिवशी कोनमापक, नळी, दोरा आणि नट घेऊन बाहेर पडा. पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, शाळेची इमारत, जे दिसेल ते मोजा. लहान भावंडांनाही न्या. दोऱ्याकडे बघायला कोणीतरी लागतेच.

निकाल लागला तेव्हा त्या मुलीला गणितात १०० पैकी ५९ गुण मिळाले. पेढे वाटण्याइतके नाहीत, पण भाभी पेढे घेऊन आल्या. डिप्लोमाचा अर्ज भरला आहे. प्रवेश कुठे मिळतो ते यादी लागल्यावर कळेल. अर्जावर सही करताना अब्बांनी मला एकच विचारले, "आपा, पुढची पुस्तकं इंग्रजीत असतात म्हणे. तिथेही असे शब्द अडतील का?"

अडतील, मी सांगितले. पण आता तिला शब्द अडला की विचारायची सवय लागली आहे.

तुमच्या घरात एखादे मूल ‘गणित जमत नाही’ म्हणत असेल, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका, आणि त्याला रागावूही नका. त्याने कोरा सोडलेला प्रश्न समोर घ्या, शेजारी बसा आणि विचारा, "यातला कोणता शब्द कळला नाही?"